बर्फातली वार

जवळ ये पोरी. तू तिकडं नागपुरात आहेस हे माहीत आहे मले, तरी म्हणते जवळ ये. हा कागद डोळ्याजवळ धर आणि सावकाश वाच. मागच्या खेपेस आली तर अर्धा चहा कपात ठेवून उठली, बस सुटते म्हणे. बस का पळून जाते? दुसरी येते. आणि उठता उठता माझ्यावर हसली, ते वेगळं. असं करते का कोणी आपल्या आजीले?

तू सांगत होती की तुमच्या प्रयोगशाळेत बाळंतिणीची वार येते, तिच्यावरची पातळ झिल्ली सोडवतात, आणि ती जळालेल्या अंगावर, कोणाच्या डोळ्यावर लावतात. मी इतकंच विचारलं, "कोणाची वार?" तू म्हणाली, "कोणाची म्हंजे? बायांची. सही घेऊन, कायद्यानं. आजी, तुमाले सगळीकडं काळंबेरंच दिसते." हसलीस, चप्पल घातलीस, गेलीस.

दिसते बाई काळंबेरं. काऊन दिसते ते आज लिहून देते. ही तुझ्या जन्माच्या दिवसाची गोष्ट आहे आणि तुझ्या आईनं ती तुले सांगितली नसणार. तिले ती पुरी माहीतही नाही, ती शुद्धीवर नव्हती.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात आया होती. बाळंतपणाच्या खोलीत. आमचा जिल्हा नुकताच चांदा जिल्ह्यापासून तोडून वेगळा केला होता, कचेऱ्यांच्या पाट्या ओल्या रंगाच्या होत्या. दवाखाना मात्र जुनाच. कौलं गळकी, खाटा वाकड्या. साप चावल्याचं इंजेक्शन ठेवायले एक घासलेटवरचा फ्रीज, तोही धूर काढायचा. आमच्याकडं धानाच्या बांधीत, तेंदूपत्ता तोडताना साप चावणं म्हणजे रोजचंच.

अशा दवाखान्यात एक दिवस जीप आली आणि नवा कोरा पांढरा डबा उतरवला. झाकण वरून उघडणारा, कुलूपवाला, आत बर्फ जमते तो. आम्ही सगळ्या पाहायले धावलो. मले वाटलं, चला, आता सापाचं औषध तरी नीट राहील.

सिस्टर म्हणाली, "यात वार ठेवायची. पिशवीत बांधायची, आत टाकायची, कोणाले द्यायची नाई."

"वार? वार कायले बर्फात ठेवता, सिस्टर?"

"वरून आलं आहे."

वरून म्हणजे कुठून, ते कोणी सांगत नव्हतं. तोवर आमची रीत सोपी होती. बाळंतिणीच्या घरचे लोक मागतील तर वार त्यांले पानात बांधून द्यायची, नाही मागितली तर मागच्या परसात खड्डा करून पुरायची. आता दर सोमवारी जीप यायची, माणूस उतरायचा, नाकाले रुमाल बांधायचा, रबराचे हातमोजे घालायचा, आणि पिशव्या बर्फाच्या पेटीत भरून घेऊन जायचा. मी त्याले पहिल्याच सोमवारी धरलं.

"भाऊ, कुठी नेता?"

"मुंबईले."

"तिथी का करतात याचं?"

"औषध."

"कशाचं औषध?"

"बाई, मी जीप चालवतो. डॉक्टर दिसून राह्यलो का तुमाले?"

"मंग माहीत नाई तं नेता कायले?"

"तुमी ही लादी पुसता, ती तुमची आहे का? तसंच."

बोलायले पक्का होता. पण मले त्याचं उत्तर पोटात उतरलं नाही. कचऱ्याले कोणी बर्फ लावते का? ज्याले बर्फ लावतात ते विकायचं असते, माशासारखं. आणि विकायचं असेल तर ज्याचं आहे त्याले विचारायले नको?

हापशीवर बाया बोलायच्या. एक म्हणे, त्याची तोंडाले लावायची मलई होते, मोठ्या घरच्या बाया लावतात. दुसरी म्हणे, नवा पूल बांधतात त्याच्या पायात घालतात, म्हणजे पूल खचत नाही. तिसरी म्हणे, तो जीपवालाच खात असणार, पाह्यलं नाई का गाल कसे आले त्याचे! हसायच्या. पण हसून झाल्यावर घागर उचलून चालू पडायच्या, कारण प्रत्येकीची एक तरी त्या डब्यातून गेली होती.

माझ्या बापानं दीक्षेच्या वेळी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मी भूतखेत, करणी मानणारी बाई नाही. पण न विचारता घेऊन जाणं काय असते, ते आमच्या लोकांले कोणी शिकवायची गरज नाही. माझा संशय देवाधर्माचा नव्हता, त्या न विचारण्याचा होता.

आणि एक सांगते, लपवत नाही. सिस्टरनं हुकूम दिला होता, "कोणी विचारलं तं सांगायचं, पुरली." मी सांगत होती. बाळंतीण पडल्या पडल्या विचारायची, "बाई, माही वार?" मी म्हणायची, "पुरली वं माय, निजून राह्य." किती जणींले म्हटलं ते आता आठवत नाही.

मग तुझ्या आईचे दिवस भरत आले.

तिचं पहिलं लेकरू सासरी, घरीच गेलं होतं. पायाकडून आलं, अडकलं, गेलं. तीही मरतामरता वाचली. म्हणून या खेपेस मी अडून बसली की बाळंतपण दवाखान्यातच होईल, माझ्या डोळ्यासमोर. आणि तुझी दुसरी आजी, माझी इहीण, तिकडं अडून बसली की नाही. धानोऱ्याच्या पलीकडं जंगलात गाव त्यांचं. ती स्वतः दाई होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. काळी, उंच, हात असे की सुपासारखे. पहिलं लेकरू तिच्याच हातात गेलं होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही, मीही काढत नव्हती.

मी खास बसनं गेली तिच्याकडं. ती घरापुढच्या सपरीत वाळलेली मोहाची फुलं निवडत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नेजा तुमच्या दवाखान्यात. पण इहीणबाई, वार माह्या हातात पायजे. आणि पुरी पायजे. मी आयकलं तुमच्या इथी जीप येते."

तिच्याकडची रीत तुले ठाऊक असावी म्हणून सांगते. वार आली की दाई ती धुते, पळसाच्या पानावर पसरते, भाकरी पाहावी तशी उलटी-सुलटी पाहते. कुठं फाटली असेल तर काठाले काठ लावून जुळवते. सगळी आहे अशी खात्री झाल्यावर न्हाणीतल्या दगडाखाली पुरते, आणि बाळंतीण सव्वा महिना त्याच दगडावर बसून कढत पाण्यानं अंग धुते. अर्धी वार पुरली तर उरलेली अर्धी बाईले न्यायले येते, असं त्या लोकांत म्हणतात.

मी म्हटलं, "देईन." कुलूप कोणाचं, हुकूम कोणाचा, सगळं माहीत असून म्हटलं. नाही तर ती पाठवत नव्हती.

धानकापणीचे दिवस होते. कळा सुरू झाल्या तशी बैलगाडीनं आणि मग बसनं घेऊन आले तिले. इहीणबाई दवाखान्यामागच्या चिंचेखाली तीन दगडांची चूल मांडून बसली. तिकडं सगळ्याच गावच्या बाळंतिणींचे लोक बसायचे.

सिस्टरनं मले खोलीतून बाहेर काढलं. म्हणाली, "आपल्या माणसाच्या वेळी हात कापतात. बाहेर लादी पूस." मी व्हरांड्याची एकच लादी पुसत राहिली. दुपारी दोनच्या सुमारास तू रडली. मले दारातून दाखवली, पोरगी. मी चिंचेखाली पळत जाऊन सांगून आली. इहीणबाईनं पोरगी का पोरगा विचारलंच नाही. विचारलं, "वार?"

"येते आता."

पण दार बंदच राहिलं. मग डॉक्टरीणबाईले बोलावलं. ती तरणी होती, पुण्याकडची, आमच्या बोलीवर हसत नव्हती हे तिचं चांगलं. बराच वेळ गेला. शेवटी सिस्टर घाम पुसत बाहेर आली. "वार अडकली होती. हातानं काढली. आता ठीक आहे." आणि चहाले गेली.

मी ओळखलं, हीच वेळ. डब्याची किल्ली सिस्टरच्या टेबलाच्या खणात असायची, पिशव्या मीच तर आत टाकायची. झाकण उघडलं, सगळ्यात वरची पिशवी उचलली, लुगड्याच्या ओच्यात घातली आणि मागच्या दारानं निघाली. चालता चालता पोटाची कातडी थंडीनं बधिर झाली. तेव्हाच समजायले पाहिजे होतं मले. नऊ वर्षं आया होती मी! पण हातून चोरी होत असली की माणसाचं डोकं चालत नाही.

इहीणबाईनं पिशवी घेतली. हातात तोलली. मग बोटाची पेरं वळवून तिच्यावर मारली. टक् टक् वाजलं.

"इहीणबाई," ती हळूच म्हणाली, "आत्ता पोटातून आलेली वार वाजते का वं?"

मी पिशवीले हात लावून पाहिला.

"हे दगड झालं आहे. दोन-तीन दिवसांचं. कोणाची उचलून आणली? दुसरीच्या लेकीची माह्या नातीच्या नावानं पुरू का मी?"

"वरचीच होती... मले वाटलं..."

"तुमाले वाटलं! तुमी त्याइच्यातल्याच झाल्या. माही सून उचला, मी गावाले नेते."

तिनं पिशवी दगडावर ठेवली आणि लुगडं खोचून सरळ दवाखान्यात चालू पडली. मी मागं मागं. मी घाबरली ते वारेसाठी नाही. तुझ्या आईले त्या अवस्थेत गाडीत घालून दोन कोस नेलं असतं तरी ती पोचली नसती. तिचं तोंड पांढरं झालं होतं, हे मी दारातून पाहिलं होतं. सिस्टर म्हणाली होती, इतकं रक्त जातेच.

डॉक्टरीणबाई हात धूत होती. इहीणबाई दारात उभी. "माह्या सुनेची वार दे. नाई तं सून दे."

"आजी, ती फाटलीय. तुकड्यांत निघाली. फाटकी आम्ही जीपला देत नाही. ती काय, तिथं ट्रेमध्ये आहे. घेऊन जा."

म्हणजे डब्यात ती गेलीच नव्हती. कोपऱ्यात फडक्याखाली पडून होती आणि मी चोरी करून आली होती.

इहीणबाईनं ट्रे उचलला. तिथंच व्हरांड्यात उकिडवी बसली, आपल्या जेवणातलं पळसाचं पान पसरलं, माझ्याकडून तांब्याभर पाणी घेतलं आणि एक-एक तुकडा धुवून मांडायले लागली. फुटलेलं मडकं जोडावं तसं. या काठाले तो काठ, फिरवून पाह्य, उलटून पाह्य. येणारी-जाणारी माणसं थांबून पाहायची आणि तोंड फिरवून जायची. डॉक्टरीणबाईले राग आला होता, पण तीही थांबली.

"इथी," इहीणबाई म्हणाली. पानावर मधोमध दोन बोटं बसतील एवढी जागा रिकामी होती. "हा तुकडा दे."

"सगळे तुकडे ट्रेमध्येच होते, आजी. मी पाहिलंय."

"मंग हा कुठी आहे?"

"मी कशाला ठेवून घेऊ?"

"जीपवाल्याले द्यायले. पुरी नाई तं तुकडा, तुकडा तं तुकडा. तुमचं काई खरं नाई."

आणि मी, डॉक्टरीणबाईचं मीठ खाणारी मी, इहिणीच्या बाजूनं बोलली. "बाई, असन तं देऊन टाका. तिले अर्धी चालत नाई." मलेही खरंच वाटत होतं की ठेवला असेल. इतके सोमवार पाहिले होते ना.

डॉक्टरीणबाई चिडून खाली वाकली, दाखवायले की सगळं आहे. त्या रिकाम्या जागेच्या काठावर बोट फिरवलं. एका बाजूनं फिरवलं, दुसऱ्या बाजूनं फिरवलं. मग तिचा चेहरा उतरला. झटकन उठली आणि आत पळाली. "सिस्टर! टेबल घ्या! लाइट लावा, लवकर!"

तुकडा कोणी चोरला नव्हता पोरी. तो तुझ्या आईच्या पोटातच राहिला होता, आणि त्याच्यापायी रक्त थांबत नव्हतं.

आत गेली तेव्हा खाटेवरची चादर उचलली तर खालची गादी भिजलेली. बाकीचं मले पाहू दिलं नाही. तुले माझ्या हातात देऊन दार लावलं. बाहेर मी तुले धरून, आणि इहीणबाई ते पान दोन्ही हातांवर धरून, तशीच उकिडवी. माशा यायच्या, ती फुंकर मारायची. मले वाटत होतं, मी हिले दवाखान्यात आणलं. तिले का वाटत होतं ते तिलेच ठाऊक. तिच्या हातात एक गेलं होतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईनं वाकड्या ट्रेमध्ये तो तुकडा आणला आणि स्वतः पानावर ठेवला, त्या रिकाम्या जागी. बरोबर बसला.

"हं," इहीणबाई म्हणाली. "आता पुरी झाली."

डॉक्टरीणबाई तिथंच पायरीवर बसली. "आजी, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"शिकवते कोण? पाहायचं. तू हुशार आहे, पण घाईत राहते."

रक्ताची बाटली चढवली. रात्रभर आम्ही दोघी आळीपाळीनं बसलो. तिसऱ्या दिवशी तुझी आई उठून बसली आणि भात मागितला. इहीणबाई वार घेऊन आदल्याच दिवशी गावाले गेली होती. मले जाताना म्हणाली, "तुमचा दवाखाना चांगला आहे. पण नजर ठेवा."

आता ती डब्यातून चोरून आणलेली पिशवी. माझ्या काळजाले ती लागून आहे. संध्याकाळी आठवण झाली म्हणून चिंचेखाली धावली, तर दगडावर ती पाझरत होती आणि एक कुत्रं वास घेत होतं. इहीणबाईनं विचारलं होतं, "कोणाची उचलून आणली?" कोणाची सांगू? पिशवीवर नाव नव्हतं. त्या दोन-तीन दिवसांत एक बल्लारपूरकडची आली होती, कागद कारखान्यातल्या कामगाराची बायको, माहेरी बाळंतपणाले. एक मास्तरीणबाई होती. एक गोंडीशिवाय काही न बोलणारी, जंगलातून खाटेवर उचलून आणलेली. तिघींनीही मले विचारलं होतं. तिसरीनं हातानं खुणा करून विचारलं होतं. तिघींले मी सांगितलं होतं, पुरली.

मी ती पिशवी गुपचूप डब्यात टाकली. सोमवारी जीप घेऊन गेली. दुसरं काही सुचलं नाही मले.

काही दिवसांनी मी डॉक्टरीणबाईलेच विचारलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी खरं बोलायची. म्हणाली, वारेत रक्त असते, कंपनी त्यातून औषध काढते, रोगाशी लढायची ताकद देणारं. लहान लेकरांच्या कामी येते, कावीळ पसरली तर कामी येते. मग मले जळीत वॉर्डात घेऊन गेली. मोहाच्या दारूची भट्टी भडकून भाजलेली एक बाई होती तिथं, छातीपासून मांडीपर्यंत. पट्टी बदलताना तिची किंकाळी साऱ्या दवाखान्याले ऐकू जायची. डॉक्टरीणबाईनं एका वारेची पारदर्शक झिल्ली धुऊन तिच्या अंगावर पसरली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती बाई झोपली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

हे मी डोळ्यानं पाहिलं, म्हणून मानते. तू झिल्लीचं सांगितलं तेव्हा मी खोटं म्हटलं नाही. पण जीपमध्ये गेलेलं मी पाहिलं नाही. मी डॉक्टरीणबाईले विचारलं, "ते कंपनीचं औषध आपल्या दवाखान्यात येते का?"

ती म्हणाली, "नाही येत."

"मंग आपल्या बायांचं नेऊन कोणाले देतात?"

तिलेही माहीत नव्हतं. मोठी डॉक्टर, तिलेही कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी 'पुरली' म्हणणं सोडलं. बाळंतिणीले सांगायची, "अशी अशी जीप येते, औषध करतात म्हणतात, मी पाह्यलं नाई. देते का नेते?" सिस्टर ओरडायची, "तू पुढारी झाली का वं?" पण खरं सांगू, मले वाटलं होतं सगळ्या नाही म्हणतील. तसं झालं नाही. बऱ्याच म्हणाल्या, "कोणाच्या लेकराच्या कामी येते तं नेऊ द्या." एक म्हणाली, "विचारलं तुमी, झालं." काही घेऊन गेल्या, पदराखाली, पानात बांधून.

मग एक दिवस जीप यायची बंद झाली. काही महिन्यांनी दुसरी गाडी आली आणि तो पांढरा डबाही उचलून घेऊन गेली. काऊन आला होता ते सांगितलं नव्हतं, काऊन गेला तेही सांगितलं नाही. सापाचं औषध त्या धुराच्या फ्रीजमध्येच राहिलं.

तर पोरी, तुझ्या कामाले मी नाव ठेवत नाही. जळालेली ती बाई अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. पण तू म्हणाली की तुमच्याकडं आता बाळंतिणीची सही घेतात, सगळं कायद्यानं होते. घेत असतील. तो कागद कोणत्या बोलीत लिहिला आहे? सही कधी घेतात, कळा सुरू व्हायच्या अगोदर का मधात? जी खाटेवर उचलून आणली, जिले खुणेनं बोलावं लागते, तिचा अंगठा कोण धरते? तू स्वतः कधी विचारलं का कोणाले, का तुलेही वरून आलं आहे?

तुझी आई या साली धान झोडून घेतलं की इथंच येते म्हणाली महिनाभर. गुडघे दुखतात तिचे, पण हिंडते, भांडते, सगळं करते. तिच्यासमोर ही गोष्ट मी अजून बोलली नाही. तू आली की बोलू, तिघी बसून. येताना तो सहीचा एक कोरा कागद घेऊन ये, मले वाचायचा आहे. आणि एका दिवसासाठी नको येऊ. दोन रात्री राहायले ये, पण लौकर ये.